कमोडमध्ये पाणी कमी राहतंय? टाकी उघडायची की सरळ प्लंबर?

फ्लश केल्यावर भांड्यात पाणी पार तळाशी राहत असेल तर नुसते डाग पडतात एवढंच नाही, वासही येतो, कारण गटाराचा वास ट्रॅपमधलं, म्हणजे कमोडच्या वळणदार नळीतलं पाणीच अडवतं आणि ते साधारण 50 मिलिमीटर तरी लागतं.

माझं मत विचाराल तर आधी टाकीचं झाकण उचला. आत एक बारीक रबरी नळी असते, तिचं तोंड मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपात हवं, फ्लशनंतर भांडं तीच भरते. बऱ्याचदा ती निसटून टाकीतच पाणी सोडत असते, मग टाकी भरते पण भांडं रिकामं. परत अडकवली की झालं, खर्च शून्य. फ्लोट, म्हणजे टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा, फार खाली असेल तर थोडा वर घ्या, पण पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखालीच राहू द्या, नाहीतर चोवीस तास गळत बसेल आणि टँकरचं पाणी असेल तर काय ते तुम्हीच बघा. भिंतीतली टाकी असेल तर मात्र उगाच खुडबुड नको.

प्लंबर कधी? मगाने हळूहळू पाणी ओतून भांडं भरा, पेन्सिलने खूण करा, रात्रभर फ्लश नको. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर भांड्याला चीर किंवा ट्रॅपमध्ये अडकलेलं फडकं, केस. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आपल्याकडे गुडगुड होऊन पाणी ओढलं जात असेल तर व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजच्या पाइपात हवा येऊ देणारा पाइप, बहुधा तुंबलाय, तिथे प्लंबर आणि सोसायटी दोघंही लागतात.