तीन हेडचा जुना कॅसेट डेक : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या पारायण सप्ताहाची भजने वडिलांनी १९८३ पासून दहा-अकरा वर्षे एका साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. त्या बासष्ट कॅसेटांसाठी मी फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका संग्राहकाकडून हा डेक घेतला. ऐंशीच्या दशकातील जपानी बनावट, तीन स्वतंत्र हेड (पुसणारे, भरणारे आणि वाचणारे), टेप सरकवणारे दोन फिरते दांडे म्हणजे कॅपस्टन, आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय, अशी त्याची रचना आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या बिघाडांविषयी लिहिले आहे ते चाळीस वर्षांच्या वयाचे आहेत.

पहिला महिना दुरुस्तीतच गेला. जपानमधील विजेचा दाब १०० व्होल्ट आणि आपला २३० व्होल्ट, म्हणून आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. आतला एक बेल्ट डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता, ग्रीस घट्ट झाले होते आणि टेप कॅपस्टनवर दाबून धरणारे रबरी पिंच रोलर कडक पडले होते. बेळगावच्या शहापुरातील एका वृद्ध मेकॅनिककाकांनी झाकण उघडून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "रबर तेवढं गेलंय बघा, बाकी मशीन तगडं हाय." बेल्ट, रोलर आणि काही कपॅसिटर बदलण्याचा खर्च डेकच्या किमतीच्या जवळपास निम्मा आला. असा डेक घेऊ इच्छिणाऱ्याने ही रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावी.

या यंत्राची खरी किंमत मला अॅझिमुथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, नीट केल्यावर कळली. कॅसेटची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी लांबीत मावते. हेडमधील बारीक फट टेपच्या दिशेशी अचूक काटकोनात नसेल, तर इतक्या लहान लहरी तिला वाचताच येत नाहीत आणि वरच्या पट्टीतला आवाज विझून जातो. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरपे असावे, कारण त्यावर भरलेल्या सगळ्या कॅसेटा दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर कांबळ्याआडून आल्यासारख्या ऐकू येत. या डेकचे वाचणारे हेड वेगळे असल्याने भरणाऱ्या हेडला हात न लावता त्याचा स्क्रू फिरवता येतो. अॅम्प्लिफायरवरचे मोनोचे बटण दाबून, कानाला हेडफोन लावून मी तो स्क्रू केसभर फिरवीत गेलो, आणि एका ठिकाणी टाळांचा गोंगाट फुटून प्रत्येक टाळ निराळा वाजू लागला. शब्दांतले 'स' आणि 'श' स्पष्ट झाले. पाठीमागून ओढणाऱ्या बायकांच्या आवाजांत माझ्या आजीचा आवाज मी त्या रात्री प्रथम ओळखला; तो तिथे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

हेच काम यंत्राने आपोआप करावे म्हणून नाकामिची या जपानी कंपनीने १९८२ मध्ये ड्रॅगन हा डेक काढला. त्याला आजही इतकी मागणी का आहे, हे स्क्रू फिरवताना मला पुरते समजले. तरीही हाताने केलेल्या या कामाला मी कंटाळलो नाही. काम संपल्यावर हेड संदर्भ-टेपवर (अचूक कोनात भरलेल्या नमुना टेपवर) पुन्हा जुळवून ठेवणे मात्र चुकवू नये.

दुसरा गुण वेगाच्या स्थिरतेचा. दोन कॅपस्टनांमध्ये टेप एकसारखी ताणलेली राहते आणि डबीतील चाकांची ओढाताण हेडपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पेटीचा लांबवलेला सूर डगमगत नाही. पण मूळ भरणातच वेग घसरला असेल तर? देवळात वीज नसे तेव्हा वडील सेलवर टेपरेकॉर्डर चालवीत. सेल उतरत गेले की टेप हळू भरली जाई आणि आज ऐकताना ती चढत जाते. एका कॅसेटमध्ये पांढरी चारवर सुरू झालेली पेटी शेवटी काळी तीनपर्यंत पोहोचली होती. अर्ध्या सुराचा हा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक, आणि तो मी टप्प्याटप्प्याने बटण फिरवून सावरला.

आकाशवाणी धारवाडवरून भरलेल्या काही कॅसेटांवर एका बाजूला कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे आणि दुसऱ्या बाजूला तुकोबांचे अभंग आहेत. आमच्या भागातल्या घरांत हे दोन्ही एकाच भक्तीने ऐकले जाई. यांतील एकही कॅसेट डॉल्बीवर, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीने, भरलेली नाही, म्हणून डॉल्बी बंदच ठेवतो. चालू केली तर खरखर कमी होते, पण टाळांची धारही तिच्याबरोबर जाते.

पावसाळ्याने मात्र परीक्षा पाहिली. जुलैत खानापूरहून आणलेल्या अकरा कॅसेटांच्या कडांवर पांढरी बुरशी होती. तशी कॅसेट डेकमध्ये घातली असती तर बुरशी रोलरवरून पुढच्या प्रत्येक टेपला लागली असती. त्या सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात तीन आठवडे ठेवल्या, मग टेपवरची बुरशी मऊ कापडाने हलकेच पुसली आणि पेन्सिलीने हळूहळू गुंडाळून घेतल्या, नऊ वाचल्या. हेड आणि कॅपस्टन मी दर चार-पाच कॅसेटांनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो.

एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही रोलरचा दाब जरासा विषम झाला की टेप मध्येच सैल पडते आणि चुरगळते. मे महिन्यात माझी एक सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, अशीच बिघडली. तेव्हापासून प्रत्येक कॅसेटची पहिली दोन मिनिटे मी डेकसमोरून उठत नाही. सी-१२० ची टेप त्याहून पातळ, केवळ ९ मायक्रॉनच्या आसपास असते. त्या लांबीच्या तीन कॅसेटा, ज्यांत १९८९ च्या सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आहे, अजून डब्यातच आहेत, आणि मेकॅनिककाकांनी रोलरचा दाब पुन्हा मोजून दिल्याशिवाय मी त्या लावणार नाही.