एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) फिजिओ: सायकल, वजनं, पाणी की स्ट्रेचिंग? हार्मोनच्या बाजूने बघू

फिजिओ सुरू करायचीय आणि कुणीतरी सांगितलंय की व्यायामाने कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) उतरतं, तर आधी हे ऐका, दमछाक होईल असा व्यायाम केला की कॉर्टिसॉल आधी वाढतं, हळू केला तर फारसं हलत नाही. मी एकदा सकाळी सायकल मारून घामेजलेला तसाच ब्लड द्यायला गेलो, आकडा वर आला, दोन दिवस नुसतं टेन्शन, मग डॉक्टरांनी विचारलं सॅम्पल द्यायच्या आधी काय करत होतात, तेव्हा ट्यूब पेटली. त्यात कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतंच. आणि रिलॅप्ससाठी (आजार अचानक उसळतो तेव्हा) मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (बहुतेकदा रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस) नुकतं झालं असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबलेलं असतं, तेव्हाच्या रिपोर्टवरून फिजिओला मार्क देऊ नका.

सायकलचा खरा फायदा इन्सुलिनमध्ये दिसतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो आणि नंतरही एखाद-दोन दिवस कमी इन्सुलिनमध्ये भागतं. बीडीएनएफही वाढतं, ते हार्मोन नाही, नसांना पोसणारं प्रोटीन आहे, पण थोड्या वेळात परत खाली येतं, त्यामुळे "मेंदू रिपेअर होतो" वगैरे ऐकलं की मी जरा सावध होतो.

वजनं उचलल्यावर टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन थोडा वेळ उसळतात, त्याचं फार कौतुक करू नका. पण वारंवार स्टेरॉइड घेऊन मांड्या आणि हाडं कमजोर होतात ना, तिथे हाच प्रकार कामाचा, खुर्चीतून हात न टेकता उठता येणं हा माझ्यासाठी कुठल्याही लॅबपेक्षा मोठा रिपोर्ट.

पाण्यातल्या व्यायामाचं गणित हार्मोनचं कमी आणि गर्मीचं जास्त. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवलंय की व्यायामाने नजर तात्पुरती धूसर होते, आणि खरं कारण गर्मी हे नंतर कळलं, मायलिन (नसेवरचं आवरण) गेलेली नस अंग थोडं तापलं तरी सिग्नल पुढे नेत नाही, थंड झालं की परत येतं, तो रिलॅप्स नव्हे. म्हणून पूल 27 ते 29 अंश सेल्सिअसच्या आसपास हवा, संधिवातवाल्यांचा गरम पूल आपल्या कामाचा नाही. सायकलवर डोळ्यापुढे धुकं येत असेल तर आधी समोर पंखा लावून बघा, तरी जमेना तर पाण्यात उतरा.

स्ट्रेचिंगने हार्मोन विशेष हलत नाहीत. पण रात्री पाय आखडून झोपमोड होत असेल तर ते कराच, कारण झोप बिघडली की कॉर्टिसॉलचं वेळापत्रकही बिघडतं.

गरोदरपणात शेवटच्या 3 महिन्यांत रिलॅप्स कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या 3 महिन्यांत वाढतात, हे वाचून, गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढतं म्हणून, काही जण व्यायामाने ते वाढवायला निघतात. तेवढी पातळी कुठल्याच फिजिओने येत नाही. व्हिटॅमिन डी सुद्धा उन्हाने नाहीतर गोळीने वाढतं, डंबेलने नाही.

माझं विचाराल तर सौम्य ते मध्यम त्रास असेल तर कॅनडाच्या 2013 च्या गाइडलाइनमधला मेळ घ्या, आठवड्यातून दोनदा 30 मिनिटं मध्यम वेगाची सायकल किंवा चालणं आणि दोनदा वजनं. चालताना तोल जात असेल तर आधी पाण्यातला व्यायाम. आणि दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नसेल तर वेळ अर्धी करा, कॉर्टिसॉल तपासायला पळू नका.