खिडकीचं सेफ्टी गार्ड: ८ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मुलगी अडीच वर्षांची. एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, बाहेर येऊन बघते तर ही सोफ्याच्या हातावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढलेली, मच्छरजाळीला कपाळ टेकवून खालचा कुत्रा बघतेय, आणि जाळी बाहेरच्या बाजूला फुगलीय. चौथा मजला. कसं खेचलं तिला आत माझं मला माहीत. तोपर्यंत मला खरंच वाटायचं की जाळी आहे ना मग काय होतंय, पण ती जाळी डास अडवायला असते, पोराचं वजन ती धरत नाही.

दुसऱ्याच दिवशी गार्ड शोधायला लागले. आडव्या स्टीलच्या दांड्या, रुंदीप्रमाणे आत-बाहेर सरकणारं मॉडेल घेतलं, फिटिंग त्याच दुकानाच्या माणसाकडून. घ्यायच्या आधी बाकी देशांतले नियम वाचून काढले आणि त्याचा खूप फायदा झाला. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून नियमच आहे, ३ किंवा जास्त फ्लॅटची बिल्डिंग आणि घरात १० वर्षांचं किंवा लहान मूल असेल तर गार्ड मालकानेच बसवायचे, आणि मूल नसलं तरी भाडेकरूने लेखी मागितले तर द्यायचे. साडेचार इंचापेक्षा मोठी फट चालत नाही. त्याआधी तिथे ब्राँक्स भागात घरोघरी जाऊन आईवडिलांना समजावलं, फुकट गार्ड दिले, तर १९७३ ते १९७५ मध्ये पडण्याच्या केसेस निम्म्यावर आल्या. निम्म्यावर!! एवढ्या साध्या दांड्यांनी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये फ्लॅटच्या धोक्याच्या खिडक्या १२.५ सेंटीमीटरच्या आतच उघडतील असं लॉक लावायला सोसायट्यांना मार्च २०१८ पर्यंत मुदत होती. इंग्लंडमध्ये कठड्याच्या फटीतून १० सेंटीमीटरचा गोळा जाता कामा नये.

हा गोळ्याचा नियम मला फार आवडला. लेकीच्या खेळण्यांत बरोबर तेवढाच एक चेंडू सापडला, टेपने मोजून घेतला. दांड्यांमधून तो कुठेच गेला नाही पण गार्ड आणि चौकट यांच्यामधल्या बाजूच्या फटीतून आरामात गेला. म्हणजे प्रॉडक्ट चांगलं, फिटिंग चुकलेलं. फिटिंगवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले, "ताई, एवढी फट चालते." मी म्हटलं तुम्ही या, तुमच्यासमोर चेंडू घालून दाखवते. आले बिचारे, बघितलं आणि काही न बोलता बाजूला एक्स्ट्रा पट्टी मारून दिली. स्क्रूसुद्धा पहिल्यांदा नुसत्या ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये होते, ते लांबचे घेऊन भिंतीत घ्यायला लावले. आता मी पूर्ण जोर लावून ओढलं तरी हलत नाही.

बेडरूमला मात्र हे मॉडेल मुद्दाम घेतलं नाही. आग लागली तर त्याच खिडकीतून बाहेर पडता येतं, तिथे कायमचं स्क्रू केलेलं गार्ड म्हणजे स्वतःलाच कोंडून घेणं. न्यूयॉर्कच्या नियमातही फायर एस्केपची खिडकी यातून वगळलीय. तिथे आतून बिनचावीचं उघडणारं घेतलं, खटका मोठ्या माणसालाच जमेल इतका घट्ट आहे, सासूबाईंना दोनतीनदा प्रॅक्टिस करायला लागली पण आता त्यांना जमतं.

नावडलेली गोष्ट एकच, दांड्या आडव्या आहेत. मूल त्यावर शिडीसारखं पाय ठेवतं, माझी ठेवतेच. गार्ड खिडकीच्या वरपर्यंत असेल तरच आडवं घ्या, अर्धंच बसवणार असाल तर उभ्या दांड्यांचं बघा.

घरमालकांनी भिंतीला भोकं नको म्हणून आधी नाही सांगितलं होतं, मग स्वतः येऊन खिडकीतून खाली बघितलं आणि हो म्हणाले. खर्च सगळा आमचाच. हे भाडेकरूला असं विनवण्या करून मिळवायला लागतं याचं मला खूप वाईट वाटतं, ज्यांना मालक नाहीच म्हणतो त्यांच्या पोरांनी काय करायचं?

५ पैकी ४ स्टार, एक फिटिंगसाठी कापला. सोफा आता खिडकीपासून लांबच्या भिंतीला आहे. पुढच्या महिन्यात बाल्कनीसाठी परत याच दादांना बोलावलंय, चेंडू आत्तापासून कपाटात वर ठेवून दिलाय.