अ‍ॅप काढून टाकलं, पैसे जातच राहिले

सात आठवडे दर सोमवारी माझ्या कार्डावरून पैसे जात होते. ज्या अ‍ॅपसाठी जात होते, ते माझ्या फोनवर नव्हतंच. मी ते घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं होतं.

मी घरून भाषांतराचं काम करते. त्या शुक्रवारी दोन कामांची मुदत उलटून गेली होती आणि तिसऱ्याचं पहिलं पानसुद्धा झालं नव्हतं. हातातला फोन मात्र सुटत नव्हता. अशा रात्री चालढकल कायमची थांबवणाऱ्या अ‍ॅपची जाहिरात दिसली आणि मी ते उतरवून घेतलं.

उघडल्याबरोबर प्रश्न सुरू झाले. काम पुढे ढकलल्यावर अपराधी वाटतं का? जवळची माणसं तुम्हाला बेशिस्त म्हणतात का? मी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. माझ्या मते फसवणूक सुरू होते ती इथेच, पैशांच्या पानाच्या कितीतरी आधी. वीसेक प्रश्नांत मन मोकळं केल्यावर माणूस मागे फिरत नाही. मग ‘तुमचा खास आराखडा तयार होत आहे’ असं सांगत एक गोल फिरत राहिलं, आणि त्यानंतर पैशांचं पान आलं. ‘३ दिवस मोफत’ हे ठळक अक्षरांत. खाली फिकट राखाडी अक्षरांत आठवड्याची रक्कम. पान बंद करायची फुली काही सेकंदांनी कोपऱ्यात उगवली, तोवर मी बोट टेकवून मंजुरी दिलेली होती.

तो खास आराखडा म्हणजे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. ही पद्धत फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. त्याच्याकडे स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ होतं, म्हणून तिचं नाव पोमोदोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फोनमधल्या साध्या टायमरवर ती तशीच्या तशी होते.

शनिवारी दिवसभर मी माझी सगळी कामं, ग्राहकांच्या सूचना, शब्दांच्या याद्या त्यात भरल्या. रात्रीपर्यंत त्या अ‍ॅपच्या सततच्या सूचनांनी जीव मेटाकुटीला आला, आणि मी ते फोनवरून काढून टाकलं. विषय संपला असं समजले.

कार्डाच्या हिशोबात अ‍ॅपचं नाव ठळकपणे येत नव्हतं, अ‍ॅप स्टोअरचं येत होतं. फाइल्स साठवायच्या ऑनलाइन जागेसाठी मी त्याच स्टोअरला पैसे भरते, त्यामुळे नजर त्यावरून सरकत गेली. पावत्या येत होत्या, पण क्वचित उघडल्या जाणाऱ्या जुन्या ईमेलवर. आठव्या आठवड्यात एक बिल जुळेना, तेव्हा मी ओळन् ओळ तपासली.

अ‍ॅप काढून टाकणं आणि सबस्क्रिप्शन रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथे यादी दिसेल. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यात सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर मोफत मुदत संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करावं लागतं, म्हणजे ‘३ दिवस’ प्रत्यक्षात दोनच उरतात. आता मी काही वापरून बघायचं ठरवलं तर मुदत सुरू झाल्या झाल्या रद्द करते. बहुतेक वेळा उरलेले दिवस तरीही मिळतात. आणि रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत फोन खाली ठेवत नाही.

सबस्क्रिप्शन रद्द करून मी पैसे परत मागितले. गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत मागणी केली तर परतावा मिळण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्यांकडेच जावं लागतं. मी त्यांना चार वेळा लिहिलं. चारही वेळा एकच साचेबंद उत्तर आलं: अटी तुम्ही मान्य केल्या होत्या.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. शब्दांच्या याद्या परत मिळवाव्यात म्हणून अ‍ॅप पुन्हा उतरवलं, तर सबस्क्रिप्शन संपलेलं असल्यामुळे माझ्याच नोंदींवर कुलूप होतं. बघायच्या असतील तर पुन्हा पैसे भरा. त्या याद्या मी सोडून दिल्या. एका मोठ्या कामातले शब्द दोन रात्री जागून नव्याने जमवले. कुठल्याही अ‍ॅपमध्ये काही भरण्याआधी त्यातून फाइल बाहेर काढायची सोय आहे का, हे दोन-चार खोट्या नोंदी टाकून बघा. मी आता कामाच्या याद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. लक्ष विचलित करणारी अ‍ॅप्स ठरावीक वेळ बंद ठेवायला अँड्रॉइडचं डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनचं स्क्रीन टाइम आहे. दोन्ही २०१८ मध्ये आली आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत.

अशा अ‍ॅप्सना ‘फ्लीसवेअर’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. सोफॉस या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये हा शब्द वापरला. मेंढी भादरावी तसं गिऱ्हाइकाला भादरणं, असा त्याचा अर्थ. मार्च २०२१ मध्ये अवास्ट कंपनीला अशी २०४ अ‍ॅप्स सापडली होती आणि ती एकूण शंभर कोटींहून अधिक वेळा उतरवली गेली होती. यांत व्हायरस नसतो, मंजुरी आपणच दिलेली असते, म्हणून फोनमधली सुरक्षा यंत्रणा सहसा गप्प राहते.

काल आईच्या फोनवर सबस्क्रिप्शन्सची यादी उघडून पाहिली. वॉलपेपरच्या एका अ‍ॅपचे पैसे नऊ महिने जात होते. ते अ‍ॅप कुठलं, हे तिला आठवेना. सबस्क्रिप्शन रद्द केलंय, परताव्याचा अर्जही केलाय. उत्तर अजून यायचंय.