माराकेशच्या गच्च्या : चहा कुठे, जेवण कुठे

मोरोक्कोतल्या माराकेशला तीन-चार रात्री असतील आणि खिसा बेताचा असेल, तर एक गोष्ट निघण्याआधीच ठरवून टाका. देखावा आणि जेवण एकाच बिलात घ्यायचं नाही. जिथून जमा एल-फना हा मुख्य चौक सगळ्यात छान दिसतो तिथलं ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, बेतास बात असतं. जिथलं ताजीन बोटं चाटायला लावतं तिथून समोर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले टॉवेल आणि डिश अँटेना दिसतात. आम्हाला हे कळायला दोन संध्याकाळी आणि एक भलंमोठं बिल लागलं.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझी आई. आई शाकाहारी, आणि जिना चढताना तिचे गुडघे बोलतात. त्यामुळे पुढची सगळी तुलना तीन कसोट्यांवर आहे: पैसे किती, पायऱ्या किती, आणि ताजीनच्या तळाशी काय निघतं. दिरहमचा भाव नऊ रुपयांच्या आसपास धरा, तोंडी हिशेबाला तो बरा पडतो. इथले आकडे आम्ही गेलो तेव्हाचे आणि ढोबळ आहेत.

आधी जमिनीवरचा भाव सांगते, म्हणजे गच्चीचे जादा पैसे नेमके कशाचे ते कळेल. जमा एल-फना चौकात संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. प्रत्येकीला नंबर असतो आणि प्रत्येकीसमोर तुम्हाला हाताला धरून बसवायला टपलेला एक पोरगा. तिथे हरीरा सूप दहा दिरहमच्या आत-बाहेर, आणि एकाचं पोटभर जेवण साठ-सत्तरमध्ये होतं. एक ताजीन चौकाकाठच्या गच्चीवर सत्तर ते शंभरला, आणि नव्या चालीच्या रेस्टॉरंटांच्या गच्चीवर दीडशेच्या पुढे.

चौकाकाठच्या गच्च्या

इथे दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात: काफे ग्लासिए आणि काफे द फ्रान्स.

ग्लासिएची वरची गच्ची चौकाच्या दक्षिण कडेला आहे. खालच्या गाड्या अगदी पायाशी येतात. अंधार पडायला लागला की एकेक दिवा लागतो, मग धूर, मग डफांचा आवाज, आणि अर्ध्या तासात चौकाचं रूपच पालटतं. युनेस्कोने 2001 साली या चौकाला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून मान दिला, तो इथल्या इमारतींसाठी नव्हे, इथे रोज संध्याकाळी जे घडतं त्यासाठी. ते घडताना बघायला ही जागा उत्तम. अट एकच, वर जायचं तर आधी पेय घ्यायचं. एक बाटलीबंद सरबत किंवा चहा, म्हणजे वीस-तीस दिरहम. खालच्या भावाशी तोललं तर महाग, पण तिकीट म्हणून बघितलं तर स्वस्तच. खाली साप, माकडं आणि लाल पोशाखातले पाणीवाले यांच्यावर नुसता कॅमेरा रोखला तरी पैसे मागायला माणूस धावत येतो. वर ती कटकट नाही.

तोटा गर्दीचा. सूर्यास्ताच्या आधीचा पाऊण तास कठड्याशी जागा मिळत नाही, आणि उशिरा आलात तर चहाचा पेला हातात धरून दुसऱ्यांच्या डोक्यांचे फोटो काढावे लागतात. सूर्यास्ताची वेळही आपल्या अंदाजाने चालत नाही. जूनमध्ये पावणेनऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेसहाला. रमजानात मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतं आणि सगळं गणित पुन्हा बदलतं.

काफे द फ्रान्स पूर्वेच्या बाजूला. खुर्च्या जुन्या, वेटर निवांत, मजल्यावर मजले. इथून चौक तिरपा आणि थोडा लांबून दिसतो, पण तोंड पश्चिमेला असल्यामुळे कुतुबिया मशिदीचा मिनार समोर येतो आणि सूर्य त्याच बाजूला उतरतो. मिनार बाराव्या शतकातला, कळसासकट 77 मीटर उंच. कुतुबिया म्हणजे पुस्तकविक्यांची; आपल्या ‘किताब’चंच गणगोत. मुसलमान नसलेल्यांना आत प्रवेश नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना हा मिनार बाहेरूनच बघायचा असतो. मग तो चहा पीत बघितलेला काय वाईट?

अजान सुरू झाली तेव्हा आम्ही तिथेच होतो. आधी एक आवाज, मग क्षणभराने दुसरा, मग मागून कुठूनतरी तिसरा, आणि बघता बघता सगळ्या शहरावर त्या आवाजांची चादर पसरली. पलीकडच्या टेबलावरचा गोंगाट आपोआप बंद पडला.

दोन्हींतली एक निवडायची तर गर्दीचा धुरळा बघायचा असेल तेव्हा ग्लासिए, आणि बसायचं असेल तेव्हा फ्रान्स. आईला घेऊन जायचं म्हणून आम्ही दोन्ही दिवस फ्रान्सलाच गेलो. एका किटलीत दोघांचा चहा सहज होतो, फक्त पेले दोन मागायचे. पुदिना कोंबून भरलेला, साखर आपल्या अमृततुल्यवाल्यालाही लाजवेल इतकी. कमी हवी तर चहा येण्याआधी सांगा, कारण साखर किटलीतच पडलेली असते. पेला काचेचा आणि बिनकानाचा. वरची कड आणि बूड अंगठ्या-बोटात पकडायचं, नाहीतर चटका बसलाच म्हणून समजा.

या चौकाकाठच्या गच्च्यांवर जेवायला मात्र बसू नका. आम्ही अशाच एका गच्चीवर बसलो होतो, नाव सांगत नाही. मेनूत भाज्यांचं ताजीन होतं, वेटरने दोनदा मान डोलावली, आणि आईने गाजर बाजूला सारलं तर खाली हाड. वेटरला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो म्हणाला, मांस दिलेलंच नाही, फक्त चवीला आहे. वरून न मागितलेले ऑलिव्ह आणि पाव बिलात आले. आई त्या रात्री खोलीवर येऊन पिशवीतला लाडू खाऊन झोपली.

तेव्हापासून आम्ही दोन शब्द पाठ केले: ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसाशिवाय. तेवढं म्हणून थांबायचं नाही. रस्सा कशात शिजवलाय हेही विचारायचं. हरीराचंही तसंच. मसूर, चणे, टोमॅटो असं सगळं दिसतं आपल्या ओळखीचं, पण पाणी बरेचदा मांसाचं असतं.

मसाल्याचा चौक

जमा एल-फनाच्या उत्तरेला, बाजारातून पाच-सात मिनिटांवर रहबा कदीमा हा मसाल्याचा चौक आहे. मधोमध टोपल्या आणि विणलेल्या टोप्या विकणाऱ्या बाया, कडेने मसाल्यांची दुकानं. वाटेत कोणीतरी नक्की सांगेल की हा रस्ता बंद आहे, इकडून या. रस्ता बंद नसतो.

इथे समोरासमोर दोन पर्याय आहेत. काफे देझेपीस साधं: सँडविच, सॅलड, रस, कॉफी. गच्ची लहान, पायऱ्या अरुंद आणि घसरड्या. आई खालीच बसली आणि तिला टोपल्यावाल्या बायांचा सौदा बघण्यात आमच्यापेक्षा जास्त मजा आली. दुपारचं हलकं खाणं माणशी शंभर दिरहमच्या आत बसतं. दुसरं नोमाद, मजल्यामागून मजले चढत जाणारं, नव्या धाटणीचं मोरोक्कन जेवण देणारं. एकेक पदार्थ दीडशेच्या आसपास, संध्याकाळी आधी जागा राखल्याशिवाय प्रश्नच नाही. शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे निवड आहे आणि काय घातलंय ते नीट सांगतात, ही मोठी सोय. नोमाद वाईट अजिबात नाही. पण तिथे एका माणसाला जितके लागतात तितक्यात तिघांचा चहा, तिघांचा नाश्ता आणि परतीची टॅक्सी होते. वाढदिवस-बिढदिवस असेल तर जा.

मांसाहारी मंडळींनी या भागात गच्ची शोधायच्या आधी जमा एल-फनाच्या उत्तरेला लागूनच असलेल्या मेशुईच्या गल्लीत दुपारी जावं. जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं कोकरू वजनावर मिळतं, सोबत मीठ, जिऱ्याची पूड आणि पाव. तिथे हात चाटून मग चहाला वर चढायचं. नवऱ्याने तेच केलं आणि सहलभर तेच सांगत बसला.

कसबा आणि करकोचे

दक्षिणेला कसबा, म्हणजे जुन्या किल्ल्याचा भाग. तिथे सादी घराण्यातल्या सुलतानांच्या कबरींसमोर कसबा काफेची गच्ची आहे, आणि थोडं अलीकडे फरब्लांतिए चौकात, पत्र्याचे दिवे ठोकणाऱ्या कारागिरांच्या डोक्यावर, अजून काही. या भागात पर्यटक दिवसा येतात आणि संध्याकाळी पांगतात, म्हणून निवांतपणा मिळतो. आणि करकोचे मिळतात. याच घराण्यातल्या सुलतान अहमद अल-मन्सूरने 1578 नंतर बांधायला घेतलेला अल-बादी महाल आज भग्न आहे, पण त्याच्या तटांवर पांढऱ्या करकोच्यांची भलीमोठी घरटी आहेत. जोडी परत एकत्र आली की माना मागे टाकून चोचींचा खडखडाट करतात, जणू कोणी दोन लाटणी एकमेकांवर आपटतंय.

भाव चौकाकाठच्या गच्च्यांइतकाच, कधी किंचित कमी. कबरी आणि महाल बघायचा दिवस असेल तर दुपारचं जेवण इथेच उरका, उगाच चौकात परत येऊ नका. फरब्लांतिएच्या एक-दोन ठिकाणी दारू मिळते. जुन्या शहरातल्या बहुतेक गच्च्यांवर मिळत नाही, आणि जिथे परवाना असतो तिथे जेवणाचाही भाव चढलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी कुठल्याही गच्चीचं नाव काढू नका. उलट डिसेंबर-जानेवारीत ऊन गेलं की चांगलाच गारठा पडतो, शाल हवीच. पण त्या दिवसांत हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला अ‍ॅटलास पर्वतावरचं बर्फ दिसतं, आणि मग ताजीन गार झालं तरी कोणाची तक्रार नसते.

स्वतःच्या रियादची गच्ची

स्वस्तात गच्चीवर जेवायचं तर हीच, आणि लोक नेमकी हिलाच विसरतात.

रियाद म्हणजे मधे अंगण असलेलं जुनं घर, आता तिथे पाहुणे ठेवतात. नाश्ता बहुतेक ठिकाणी खोलीच्या भाड्यातच असतो, आणि तो बरेचदा वर मांडतात. म्हणजे गच्चीवरचं एक जेवण तुम्ही आधीच विकत घेतलेलं आहे. आमच्याकडे मस्मन यायचं, घडीच्या पोळीसारखं पदर सुटणारं पण चौकोनी. बग्रीर यायचं, आंबोळीसारखं जाळीदार, वर लोणी आणि मध. आईने पहिल्या दिवशी बग्रीर उलटून बघितलं आणि विचारलं, “हे एकाच बाजूने भाजतात का गं?” हो, एकाच बाजूने. त्यानंतर ती रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची.

रात्रीचं जेवण सकाळी सांगावं लागतं, कारण त्यानुसार बाजार होतो. माणशी दीडशे ते दोनशे दिरहम, म्हणजे नोमादच्या एका पदार्थाच्या जवळपास, पण त्यात गार-गरम भाज्यांच्या वाट्या, ताजीन, फळं आणि चहा असं सगळं येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोलता येतं. आईसाठी त्यांनी वेगळं छोटं ताजीन लावलं: बटाटा, गाजर, दुधी, मटार, वर मिठात मुरवलेल्या लिंबाची साल. शिवाय झालूक. वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, ऑलिव्ह तेल. आईने पावाचा तुकडा बुडवला, थांबली, आणि म्हणाली, “हे भरीतच की. फक्त कच्चा कांदा घालायचा राहिला.” शेवटी हाताच्या खुणांनी तिने कांदा मागून घेतलाच.

इथे देखावा म्हणावा तर काही नाही. शेजारच्या गच्चीवर सतरंज्या झटकल्या जातात, एक मांजर कठड्यावरून हिशेब ठेवत फिरते. एकेकाळी या गच्च्या बायकांच्याच असत. खालच्या गल्लीत पुरुषांची वर्दळ आणि वर बायकांच्या गप्पा, वाळवणं, निरोपांची देवाणघेवाण. म्हणून दुसऱ्यांच्या गच्चीकडे कॅमेरा रोखू नये, कोणी बोललं नाही तरी.

स्वयंपाक सांगायचा नसेल तर विचारून बाहेरचं आणता येतं. आम्ही एका रात्री पाव, ऑलिव्ह, संत्री आणि डब्यात बिसारा आणला. बिसारा म्हणजे बाकल्याच्या सुक्या डाळीचं दाट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. तिघांचं मिळून साठ दिरहमही झाले नाहीत.

आता तुमचं काय ते ठरवा. एकच रात्र असेल तर चहा काफे द फ्रान्सला आणि जेवण खाली गाड्यांवर. शाकाहारी असाल तर तळलेलं वांगं-बटाटा आणि पाव. दोन रात्री असतील तर दुसरी रियादमध्ये. सोबत वडीलधारं माणूस असेल तर खोली घेतानाच विचारा की गच्चीपर्यंत पायऱ्या किती आणि कठडा धरायला आहे का, कारण जुन्या घरांतल्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. लहान मुलं असतील तर कसबा, करकोच्यांमुळे ती तासभर गप्प बसतात.

आणि मुक्कामात शुक्रवार येत असेल तर रियादचं जेवण त्याच दिवशी ठेवा, तेही दुपारचं. शुक्रवारी नमाजानंतर घरोघरी कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्या, होतो, सात भाज्यांचा, आणि तो घरच्यासारखा रेस्टॉरंटात मिळत नाही. गुरुवारी झोपायच्या आधी सांगून ठेवा, आणि ‘ब्ला ल्हम’ तेव्हाच म्हणा.