बालसंगोपनच्या नावाखाली आमचे 15,500 गेले, एजंटच्या हातात रुपया देऊ नका

बहीण गेली आणि तिची दोन पोरं आमच्याकडं आली, थोरला सातवीला, धाकटी चौथीला. दाजी आधीच गेलेले. आम्ही सांगली जिल्ह्यातली, लोकांच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणारी माणसं. सरकारच्या बालसंगोपन योजनेत अनाथ पोरं सांभाळायला एका मुलामागं महिना 2250 मिळतात असं कळलं म्हणून धडपड केली, यात हाव कसली?

झेरॉक्सच्या दुकानात भेटला तो एजंट, गळ्यात ओळखपत्र, "ताई, साहेब आपलेच हायत." फॉर्मचे 1200 घेतले. फॉर्म फुकट असतो! मग फाईल पुढं सरकवायला 4500, आणि शेवटी "पालकत्वाची ऑर्डर" म्हणून 9800, पोरं कायमची तुमच्या नावावर, उद्या चुलता आला तरी नेऊ शकत नाय म्हणाला. त्या एका वाक्याला मी भुलले. भिशीचे पैसे होते ते, फोनपेवर टाकले.

कागद आला, 500 च्या स्टॅम्पवर नोटरी, मागं बाल कल्याण समितीची (अशा निराधार पोरांचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) ऑर्डर, जांभळा गोल शिक्का, बोट लावलं तर शाई अंगठ्याला लागली. थोरल्यानं वाचलं आणि म्हणाला, "मावशी, यात लिवलंय मला समितीसमोर हजर केलं. मी कवा गेलतो?" त्या तारखेला तो कांजण्या उठून घरात पडलेला, मीच कडुलिंबाचा पाला घालून अंघोळ घालत होते. आणि मी काय केलं, तर त्याला गप्प बसवलं. आजपण ते आठवलं की घास गिळत नाय. समिती पोरांना समोर बघितल्याशिवाय, घरी येऊन चौकशी झाल्याशिवाय ऑर्डर देत नाय, आणि आमच्या उंबऱ्याला कोणी आलंच नव्हतं.

चार महिने खात्यात काय नाय, त्याचा फोन बंद. ऑफिसात गेले तर म्हणे आमचा माणूस नाय, पोलिसांत जावा. पोलिसांत गेले तर म्हणे तुम्हीच हातानं दिले, हे देण्याघेण्याचं मॅटर हाय, कोर्टात जावा. शिक्का खोटा, सही खोटी, हे पण देण्याघेण्याचं? तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी बुडाली, साधा अर्ज घेऊन पोच दिली नाय, आणि एक हवालदार विचारतो, दुसऱ्याची पोरं कशाला सांभाळता. पोरं शेजारी उभी होती हो!

नोटरीनं कोण पालक होत नाय. पालकत्व पायजे तर 1890 च्या कायद्यानं जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, वकील तिथं लावा. दत्तक घ्यायचं तर तेपण कायद्यानंच, कारा म्हणून दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था हाय, तिथं विचारा. योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात स्वतः द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. अडलं तर 1098, पोरांच्या मदतीचा नंबर, तो लावा. मला हे सगळं नंतर कळलं.

आता आमचा अर्ज आम्हीच दिलाय. त्याच दिवशी तो मला परत दिसला, चहाच्या टपरीवर, एका आजोबांसोबत, त्यांच्या मांडीवर लहान पोरगी. मी भर रस्त्यात ओरडले तसा गाडीला किक मारून पळाला. आजोबांनी 1200 आधीच दिले होते.