जव भरडायची गिरणी: ड्रिल की गिअर मोटर?

बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव दोन रोलरांमध्ये फक्त भरडायचे असतात. त्यांचं पीठ झालं तर गाळणं तुंबतं. साल अख्खी राहायला हवी. म्हणून वेग कमीच हवा, मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.)

रोलर फिरवायला ड्रिल स्वस्त, बहुतेकांकडे असतंच. पण कमी वेगावर त्याचा पंखाही मंदावतो आणि ते तापतं.

गिअर मोटर, म्हणजे वेग कमी करणारा गिअरबॉक्स जोडलेली मोटर, जड आणि महाग, तरी माझा कौल तिलाच. 1440 फेऱ्यांच्या सिंगल फेज मोटरला 7.5:1 गिअरबॉक्स जोडला की 192 फेरे मिळतात, जोरही वाढतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करा. मोटर आणि रोलर जोडणाऱ्या कपलिंगवर जाळी आणि पक्कं अर्थिंग मात्र हवंच.